दुकानाची स्मरणशक्ती
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. व्यापारातली सगळी माहिती एका जागी, आणि तीही घडल्या क्षणी, साठवायची आणि तिच्या आधारे माल खपवायचा. अशा साठ्याला डेटा वेअरहाऊस म्हणतात. मी आपला त्याला माहितीचं कोठार म्हणतो.

किराणा दुकानदाराला असलं कोठार लागत नाही. कुणाच्या घरी कोणता तांदूळ जातो, कुणाकडे पाहुणे आले की साखर वाढते, हे त्याच्या डोक्यात असतं आणि उधारी वहीत. पण दुकानं हजारो आणि गिऱ्हाइकं कोट्यवधी झाली, की डोकंही अपुरं पडतं आणि वहीही.

26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय या गावी, एका सुपरमार्केटात बारकोड वाचणाऱ्या यंत्रावरून च्युइंगगमचं पाकीट सरकलं. तिथून विकलेली वस्तू आपली नोंद आपणच देऊ लागली. नोंदी झाल्या, पण त्या विखुरलेल्या. बिलं एका संगणकात, गोदामातला साठा दुसऱ्यात, सवलतीच्या कार्डांची यादी तिसऱ्यात. एकीकडे 'आर. के. पाटील', दुसरीकडे 'रामचंद्र पाटील', तिसरीकडे नुसताच फोन नंबर. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे जुळवणं, हे या कामातलं सर्वांत किचकट काम.

दुसरी अडचण वेगाची. काउंटरवरच्या संगणकानं झटपट बिल करायचं असतं. त्यालाच 'गेल्या 3 वर्षांत पावसाळ्यात काय खपलं?' असं विचारत बसलो, तर बिलांची रांग खोळंबेल. म्हणून नोंदींची प्रत वेगळ्या कोठारात नेतात. पूर्वी हे काम रात्री, दुकान मिटल्यावर होई. आता काही सेकंदांत होतं. त्यालाच रिअल टाइम म्हणतात. माल दुपारीच संपला आणि जाहिरात मात्र संध्याकाळपर्यंत चालू, असा प्रकार त्यामुळे टळतो.

याचा उपयोग किती? 2004 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडाला चार्ली चक्रीवादळाचा तडाखा बसला. काही आठवड्यांत फ्रान्सिस नावाचं दुसरं वादळ येऊ घातलं. वॉलमार्ट कंपनीनं चार्लीच्या वेळची विक्री कोठारातून काढून पाहिली. बॅटऱ्या खपतात हे कुणीही सांगेल. पण वादळाआधी स्ट्रॉबेरीचे पॉप-टार्ट्स, म्हणजे न शिजवता खाता येणारा एक गोड पदार्थ, नेहमीच्या सातपट खपतात, हे कोठारानं सांगितलं. माल ट्रकांत भरून वादळाच्या वाटेवरच्या दुकानांत आधीच पोचला आणि विकलाही गेला. कंपनीचं कोठार तेव्हा 460 टेराबाइटचं असल्याचं छापून आलं होतं. इथे व्यापाऱ्याचाही फायदा झाला आणि संकटातल्या माणसाचीही सोय झाली.

आता दुसरी बाजू. टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीची हकिगत 2012 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापली. बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या अशा सुमारे 25 वस्तूंच्या खरेदीवरून, कोणती बाई गरोदर असावी याचा अंदाज ही कंपनी बांधत होती. बायकांना हे खटकेल हे ओळखून बाळाच्या वस्तूंच्या सवलतींमध्ये गवत कापण्याच्या यंत्राची जाहिरात मिसळली जाई. म्हणजे सारं सहज आल्यासारखं दिसावं.

मी कविता लिहिणारा माणूस. न सांगितलेलं ओळखणं हे आमच्याकडेही कसब मानतात. पण कवी जे ओळखतो ते उघड मांडतो. हे कोठार ओळखतं आणि ओळखलेलं लपवतं. किराणा दुकानदाराला आपण ठाऊक असतो, तसा तोही आपल्याला ठाऊक असतो. कोठाराची ओळख एकतर्फी. माझी हरकत साठवणुकीला नाही, या एकतर्फीपणाला आहे.

आपल्याकडे ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलं, की मोबाइल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका. त्याच वर्षी संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. माहिती कशासाठी हवी ते सांगावं, संमती घ्यावी आणि त्याच कामापुरती ती वापरावी, हे त्याचं मुख्य सूत्र.

कायदा कागदावर असतो. त्याला काउंटरवर आणायचं काम आपलं. पुढच्या वेळी बिलाआधी नंबर मागितला, तर 'कशाला हवा?' एवढंच शांतपणे विचारा. द्यायचा की नाही, ते उत्तर ऐकून ठरवा.