पंडवानीचे चित्रण आणि कालरेषेवरील ‘गट’ : सूर व दृश्य एकत्र बांधून ठेवणारी अदृश्य गाठ

भिलाई (छत्तीसगड) : तीन कॅमेरे आणि एक स्वतंत्र ध्वनिमुद्रक लावून पंडवानीचा कार्यक्रम चित्रित केला, तर संगणकावर संकलनाला बसणाऱ्यासमोर किमान सात तुकडे येतात. तीन दृश्यांचे, तीन कॅमेऱ्यांतील ध्वनीचे आणि एक ध्वनिमुद्रकाचा. हे सातही तुकडे एकाच क्षणाचे असतात. सुरुवातीला दहा सेकंदांची श्रेयनामावली जोडायची ठरली, की साऱ्यांना एकाच अंतराने पुढे सरकावे लागते. त्यांपैकी एक जरी मागे राहिला, तरी गायिकेचे ओठ आणि स्वर यांची फारकत होते. ही फारकत टाळण्यासाठी व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गट’ करण्याची सोय असते. दिसायला ती किरकोळ आहे. मात्र ती कोठे आणि कशी नोंदवली जाते, यावर लोककलेच्या अनेक ध्वनिचित्रमुद्रणांचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.

भिलाईच्या परिसरातील कला

सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे भिलाईचे नाव देशभर झाले. याच परिसराने पंडवानीलाही जगाच्या मंचावर नेले. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी महाभारताचे हे लोकगायन देशोदेशी पोहोचवले. त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब जाहीर झाला.

पंडवानीच्या दोन शैली सांगितल्या जातात. वेदमती शैलीत प्रामुख्याने बसून गायन होते, तर कापालिक शैलीत कलाकार उभा राहून कथा गातो आणि अभिनयही करतो. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. शेजारी बसलेला ‘रागी’ मध्येच हुंकार देतो, प्रश्न विचारतो, ओळ उचलून धरतो. हार्मोनियम, तबला, ढोलक आणि मंजिरा यांची साथ असते. कथेचा सारा प्राण या सवाल-जबाबाच्या नेमक्या वेळेत आहे. रागीचा हुंकार ओळ संपण्याआधीच ऐकू आला, तर प्रसंग कोसळतो.

फरक किती चालतो?

भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटींचे प्रमाण आहे. म्हणजे एक चौकट ४० मिलीसेकंदांची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार, ध्वनी दृश्याच्या सुमारे ४५ मिलीसेकंद आधी आला किंवा सुमारे १२५ मिलीसेकंद उशिरा आला, तर तो फरक प्रेक्षकाच्या ध्यानात येऊ लागतो. निसर्गात ध्वनी प्रकाशाच्या मागूनच येतो. त्यामुळे उशीर आपण सहज खपवून घेतो, घाई मात्र लगेच खटकते. ध्वनीचा तुकडा दृश्याच्या दोन चौकटी आधी सरकला, तर फरक ८० मिलीसेकंदांचा होतो आणि ही मर्यादा ओलांडली जाते. चुकून लागलेला माऊसचा एक धक्का त्यासाठी पुरेसा असतो.

गट म्हणजे नेमके काय?

टाइमलाइन, म्हणजेच कालरेषा, ही संकलनाची पाटी. तिच्यावर ठेवलेल्या क्लिपमध्ये मूळ चित्रण साठवलेले नसते. मूळ फाइल कोणती, तिच्यातील कोणत्या चौकटीपासून किती लांबीचा भाग घ्यायचा, तो कोणत्या ट्रॅकवर आणि कोणत्या क्षणी ठेवायचा, एवढीच ती नोंद असते. गट ही या नोंदींवरची आणखी एक नोंद होय. ‘या सात क्लिप एकमेकींच्या आहेत, एक हलली की साऱ्या हलतील,’ इतकेच ती सांगते. गट केल्याने चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही.

गटाशी गल्लत होते ती ‘नेस्टेड सीक्वेन्स’ या सोयीची. गटातल्या क्लिप आपापल्या ट्रॅकवर सुट्या दिसत राहतात. नेस्टिंगमध्ये साऱ्या क्लिप मिळून एकच क्लिप दिसू लागते आणि तिच्या पोटात स्वतंत्र कालरेषा असते. फायनल कट प्रोमध्ये २०११ पासून असलेली ‘कंपाउंड क्लिप’ आणि ब्लेंडरमधील ‘मेटा स्ट्रिप’ या याच जातीच्या. केडेनलाइव्ह या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०२३ च्या एप्रिलमधील आवृत्तीत आली. तिसरा प्रकार रेंडरचा. त्यात सारे तुकडे वितळून एकच फाइल तयार होते.

भिलाईच्याच भाषेत सांगायचे, तर गट म्हणजे एकमेकांना जोडलेले रेल्वेचे डबे. हवे तेव्हा सोडवता येतात. रेंडर म्हणजे येथील कारखान्यातून निघणारा, वेल्ड करून सांधलेला २६० मीटरचा रूळ. त्याचे मूळ तुकडे पुन्हा वेगळे मिळत नाहीत.

पडद्यामागील यंत्रणा

पडद्यावर दिसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खाली बहुधा एक लायब्ररी, म्हणजे पायाभूत आज्ञासंच, काम करत असतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही सॉफ्टवेअर ‘एमएलटी’ या लायब्ररीवर उभी आहेत. तिच्या सुरुवातीच्या अनेक फाइलींवरील स्वामित्वहक्काच्या नोंदींत २००३-०४ या वर्षांसोबत उषोदया एंटरप्रायझेस लिमिटेड हे नाव आहे. ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक चालवणारी रामोजी समूहाची ही कंपनी. मराठी प्रेक्षकांना हा समूह २००० मध्ये सुरू झालेल्या ईटीव्ही मराठी वाहिनीमुळे परिचित आहे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या या मुक्त लायब्ररीच्या जडणघडणीत एका भारतीय माध्यमसमूहाचा असा वाटा आहे.

एमएलटीच्या रचनेत प्रत्येक ट्रॅक ही क्लिप आणि मोकळ्या जागा यांची यादी असते. क्लिप हलवणे म्हणजे ती यादीतून काढणे, तिच्या जागी मोकळी जागा सोडणे आणि नव्या ठिकाणी तिला घालणे. एका क्लिपसाठी हे सोपे आहे. गटासाठी तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण टकरीची. सातपैकी सहा क्लिपना पुढे जागा आहे आणि सातवीच्या वाटेत दुसरी क्लिप आहे, तर काय करायचे? अशा वेळी नियम एकच : साऱ्या हलतील किंवा एकही हलणार नाही. सहा हलल्या आणि एक राहिली, तर गट असून नसल्यासारखा. दुसरी अडचण क्रमाची. एकाच ट्रॅकवर गटातल्या दोन क्लिप लागोपाठ असतील आणि डावी आधी उजवीकडे सरकवली, तर ती आपल्याच शेजारणीवर आदळते. म्हणून एक तर सर्व क्लिप आधी उचलून मग नव्या जागी ठेवल्या जातात, किंवा सरकण्याच्या दिशेला असलेली क्लिप आधी हलवली जाते. तिसरी अडचण माघारीची. सात हालचाली झाल्या, तरी संकलकाने एकदाच ‘अनडू’ दाबल्यावर सातही जागेवर परतल्या पाहिजेत.

गटाच्या आत गटही असू शकतो. कॅमेऱ्याचे दृश्य आणि त्याचाच ध्वनी हा लहान गट. असे तीन गट आणि ध्वनिमुद्रकाची क्लिप मिळून मोठा गट. ही रचना वंशवृक्षासारखी असते. एखादी क्लिप धरली, की सॉफ्टवेअर फांदीवरून वर चढत सर्वांत वरच्या गटापर्यंत जाते आणि तेथून खाली सर्व क्लिपना आज्ञा देते.

गाठ सुटते कोठे?

खरा प्रश्न पुढे आहे. एमएलटीला गट ही कल्पनाच ठाऊक नाही, ती केडेनलाइव्हची. त्यामुळे केडेनलाइव्ह आपल्या प्रकल्प-फाइलमध्ये गटांचा तपशील जेसॉन स्वरूपातील मजकूर म्हणून वेगळा लिहून ठेवते. तीच फाइल थेट एमएलटीने वाजवली, तर चित्र आणि ध्वनी तंतोतंत तेच मिळतात. गटांची नोंद मात्र दुर्लक्षित राहते. याउलट, पिटिव्ही हे सॉफ्टवेअर ज्या जीस्ट्रीमर एडिटिंग सर्व्हिसेसवर उभे आहे, त्या लायब्ररीत गट हा लायब्ररीचाच एक घटक आहे.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात काम नेताना ही उणीव उघडी पडते. जुन्या सीएमएक्स ३६०० धर्तीच्या एडिट डिसिजन लिस्टमध्ये फीत, तिच्यातील आरंभ-शेवट आणि कालरेषेवरील जागा एवढेच असते; गटाला तेथे रकाना नाही. पिक्सारने २०१७ मध्ये मुक्त केलेल्या आणि २०१९ पासून अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे असलेल्या ओपनटाइमलाइनआयओमध्ये ट्रॅक, क्लिप, मोकळी जागा, संक्रमण आणि एकात एक बसणारे थर आहेत. सुट्या क्लिपमधील गटाचे नाते मात्र पूरक माहितीच्या कप्प्यात लिहावे लागते आणि समोरच्या सॉफ्टवेअरला ते वाचता यावे लागते.

म्हणजेच, दहा वर्षांनंतर कोणी तो प्रकल्प नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तर सातही क्लिप जागेवर दिसतील. त्या एकमेकींच्या होत्या, हे सांगणारे काही नसेल. पहिल्याच बदलात एखादी क्लिप घसरण्याचा धोका असतो.

काय करता येईल?

गट क्लिपमधील अंतर टिकवतो, जुळणी तपासत नाही, हे आधी ध्यानात ठेवावे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांच्या घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असेल, तर तासाभरात ७२ मिलीसेकंदांची तफावत पडते, म्हणजे जवळपास दोन चौकटी. म्हणून लांब कार्यक्रमात केवळ आरंभीची टाळी जुळवून थांबू नये. मध्य आणि शेवटही तपासावा, लागल्यास ध्वनी कापून पुन्हा जुळवावा आणि मगच गट करावा. केडेनलाइव्हमध्ये कंट्रोल आणि जी या कळा एकत्र दाबल्यावर गट होतो. त्यांच्यासोबत शिफ्ट दाबल्यास तो सुटतो.

जतनाच्या दृष्टीने प्रकल्प-फाइल, मूळ चित्रण आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ही तिन्ही एकत्र ठेवावीत. प्रत्येक कॅमेऱ्याचे संपूर्ण, न कापलेले दृश्य अंतिम ध्वनीशी जुळवून स्वतंत्र फाइल म्हणूनही रेंडर करावे. कोणती क्लिप कोणाची सोबतीण, हे साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवावे. साधा मजकूर वाचण्यासाठी कोणत्याही विशिष्ट सॉफ्टवेअरची गरज पडत नाही.

पंडवानी पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मुखातून कानाकडे चालत आली. आता तिचा मोठा भाग ध्वनिचित्रमुद्रणातूनच पुढच्या पिढीला भेटणार आहे. रागीने हुंकार नेमका केव्हा दिला, हे त्या पिढीला त्या मुद्रणातूनच शिकावे लागेल.