‘चला, नगरला दाखवून येऊ’ म्हणण्याआधी: नवा डॉक्टर कसा शोधायचा?

आष्टीत कुणाचं दुखणं आठवडाभरात हटलं नाही की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘चला, नगरला दाखवून येऊ.’ तालुका बीड जिल्ह्यात, पण मोठ्या दवाखान्याचा रस्ता नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. सप्टेंबर 2022 पासून तर न्यू आष्टीहून रेल्वेही आहे.

पण नगरला कुणाकडे जायचं? पाहुण्यांनी सांगितलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी दिली किंवा गुगलवर पाच स्टार दिसले, एवढ्यावर डॉक्टर ठरतो. (स्टारवरून पार्किंग आणि रिसेप्शन कसं आहे ते कळतं. उपचाराचं फारसं कळत नाही.)

निवड चुकली तर काय होतं?

याचं उत्तर बीड जिल्ह्याने पाहिलंय. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहापैकी एकीची. अनेक जणी पस्तिशीच्या आतल्या होत्या. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून गेलेल्या बायकांना ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याच्या तक्रारी होत्या. दुसऱ्या डॉक्टरला विचारावं, हे सुचायलाही मजुरी बुडवून चालणार नव्हतं.

त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

आधी नोंदणी तपासा

परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला अवैध गर्भपातात महिलेच्या मृत्यूच्या प्रकरणात 2019 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. जामिनावर सुटल्यावर 2020 मध्ये परवानगी नसताना दवाखाना चालवताना तो पुन्हा पकडला गेला. तिथेही पेशंट होतेच. दारावरची पाटी पुरेशी नाही, ती यासाठी.

एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पाहता येतो. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यामुळे नोंदणी चालू आहे ना, तेही बघा. हा क्रमांक डॉक्टरने चिठ्ठीवर छापलाच पाहिजे.

यादीत नाव नाही म्हणून लगेच ‘बोगस’ म्हणू नका. बीएएमएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि बीएचएमएसची होमिओपॅथीच्या वेगळ्या परिषदेकडे. खेड्यात रात्री दार उघडणारा डॉक्टर बऱ्याचदा हाच असतो.

गडबड होते ती ‘एमडी’ या दोन अक्षरांनी. एमडी मेडिसिनही असतं आणि एमडी आयुर्वेदही. पाटीवर कंसात काय लिहिलंय ते वाचा, लिहिलेलं नसेल तर विचारा. ‘डॉक्टर, तुमचं एमडी कशातलं?’ या प्रश्नाचा राग येत असेल, तर तीही एक माहितीच समजा.

पहिल्या भेटीत काय विचारायचं?

ऑपरेशन सुचवलं तर तीन गोष्टी: गोळ्यांनी होणार नाही का? महिनाभर थांबलं तर काय बिघडेल? आणि किती खर्च? खर्चाबाबत संकोच करायचं कारण नाही. 2021 च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावायची असते.

मग दुसरं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी पहिल्या डॉक्टरची परवानगी लागत नाही. लागतात ते कागद. ‘फाईल आमच्याकडेच राहते’ असं उत्तर मिळालं तर लेखी मागणी करा. मागणीनंतर 72 तासांत नोंदींची प्रत द्यायची, असा 2002 चा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरला आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा आणि पहिल्याने काय सांगितलं ते नंतर सांगा.

इमर्जन्सीत मात्र यातलं काही करत बसू नका. 108 ला फोन लावा.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी आणखी एक. फाईल गावाकडे कपाटात राहते आणि फडावर दुखणं उठलं की नव्या डॉक्टरकडे सगळ्या तपासण्या पहिल्यापासून होतात. निघायच्या आधी प्रत्येक कागदाचा फोटो काढा आणि गावात राहणाऱ्या कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवून ठेवा.