आतून दुहेरी, बाहेर एकेरी

दौंड-मनमाड मार्गावरचं बेलापूर स्टेशन बेलापुरात नाही, श्रीरामपूर शहरात आहे. प्रवरेकाठचं बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर पुढे. गावचं इंटरनेटही असंच आधी श्रीरामपुरात उतरतं. भारतनेट या सरकारी योजनेची मूळ आखणीच तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची होती, आणि खासगी पुरवठादारही मुख्य यंत्रं बहुधा तालुक्यालाच ठेवतात. मोबाईलच्या टॉवरवर पुष्कळ लिहून झालं, आता त्यामागच्या यंत्रावर लिहा, असं संपादक म्हणाले. म्हणून अशाच एका पुरवठादाराच्या खोलीत गेलो.

रॅकमध्ये मॉड्युलर राउटर होता. चॅसिस म्हणजे नुसता सांगाडा; बाकी सगळं त्यात सरकवून बसवलेलं. लाइन कार्डांना बाहेरून आलेली फायबर जुळते. रूट प्रोसेसर रस्त्यांचा तक्ता तयार करतो. स्विच फॅब्रिक एका कार्डावरचं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, दुसऱ्यावर पोचवतं. पंख्यांचा ट्रे वेगळा निघतो, पॉवर सप्लायही वेगळे निघतात. प्रोसेसर दोन, पॉवर सप्लाय दोन: एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं.

खोली सांभाळणारा तरुण बेलापूरचाच. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून त्याने एक कार्ड, ज्यावर कुणाचीच लाइन नव्हती, चालू यंत्रातून बाहेर काढलं. दोन स्क्रू सैल केले, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ओढल्या, आणि कार्ड हातात आलं. पंख्यांचा आवाज तसाच चालू होता. मग त्याने मागचा कनेक्टर दाखवला, आणि माझा बराच वेळ तिथेच गेला.

अशा कनेक्टरच्या पिना सारख्या लांबीच्या नसतात. सर्वांत लांब पिना अर्थिंगच्या, म्हणून कार्ड आत सरकताना त्या आधी टेकतात. मग वीज येते, तीही हळूहळू चढवलेली, नाहीतर शेजारच्या चालू कार्डांना झटका बसेल. माहिती वाहणाऱ्या पिना त्यानंतर. सगळ्यांत आखूड पीन शेवटी टेकते आणि कार्ड पूर्ण बसल्याचं यंत्राला कळतं. काढताना हाच क्रम उलटा: आखूड पीन आधी सुटते, म्हणजे कार्ड निघत असल्याची वर्दी वीज तुटण्याआधीच पोचते. लांबीतला फरक जेमतेम मिलिमीटरचा. एवढ्या फरकावर चालू जाळ्याची दुरुस्ती शक्य होते. या यंत्रातली मला सर्वांत देखणी वाटलेली गोष्ट हीच.

इतिहास थोडक्यात. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बसवलेला अर्पानेटचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याचा, पहिला आयएमपी (तेव्हाचा राउटरच) फ्रीजएवढा होता, हनीवेलच्या संगणकावर बेतलेला. पुढची बरीच वर्षं राउटर म्हणजे एक प्रोसेसर आणि सगळ्या कार्डांची एक सामायिक वाट, म्हणजे बस. वेग वाढला तसं ते पुरेना. १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटची सर्वांत लहान पॅकेट लागोपाठ आली, तर एकेकासाठी सुमारे ६७ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रत्येकाने मुख्य प्रोसेसरला विचारून यायचं म्हटलं तर रांगच लागेल. म्हणून रस्ते शोधणं आणि पॅकेट पुढे ढकलणं ही कामं वेगळी केली गेली. ज्युनिपरचा १९९८ सालचा एम४० त्यासाठीच ओळखला जातो.

स्विच फॅब्रिकची अडचण साखर कारखान्यावर ऊस घातलेल्याला लगेच कळेल. रांग एकच असेल आणि पुढची गाडी आपला काटा मोकळा व्हायची वाट बघत असेल, तर जिचा काटा रिकामा आहे ती मागची गाडीही खोळंबते. बेल लॅब्जच्या संशोधकांनी १९८७ साली गणिताने दाखवलं, की पॅकेट बाहेर पडायच्या सगळ्या दारांकडे सारखी विखुरली तरी एका रांगेमुळे मोठं फॅब्रिक सुमारे ५८.६ टक्क्यांवर अडतं. उपाय असा, की प्रत्येक आत येणाऱ्या दारावर प्रत्येक बाहेरच्या दारासाठी स्वतंत्र रांग ठेवायची.

इतका विचार पेटीच्या आत झालेला आहे. काळजी पेटीबाहेरची. अशी बरीच यंत्रं ४० अंशांपर्यंत चालतील अशा बेताने बांधलेली असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातला उन्हाळा त्यापुढे जातो. एसी बंद पडला की पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि धूळ आणखी आत ओढतात. फिल्टर महिन्याला झटकावा लागतो. लाइट गेली की २ व्होल्टच्या २४ सेलांची बॅटरी उणे ४८ व्होल्ट देते, पण सेल जुने झाले की तिचा वेळ घटत जातो. कार्ड बदलता येतं हे खरं, पण कंपनीने ते मॉडेल बंद केल्यावर सुटं कार्ड जुन्या बाजारातच शोधावं लागतं, आणि त्याची हमी कोण देणार?

सर्वांत वाईट जेसीबी. रस्ता रुंद करायला किंवा पाइपलाइन टाकायला चर खणला जातो, आणि ९ मायक्रॉन गाभ्याची काच तुटते. मग हा तरुण मोटारसायकलवर स्प्लायसिंग मशीन घेऊन निघतो, तुटलेली टोकं सोलतो, कापतो, विजेच्या ठिणगीने जुळवतो. पावसात हे काम ताडपत्रीखाली. तोवर दोन प्रोसेसर आणि दोन पॉवर सप्लाय श्रीरामपुरात ठणठणीत चालू असतात, आणि बेलापुरातलं दुकान ऑनलाइन पैसे घेऊ शकत नाही.

२०२३ साली मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात सरळ रेषेऐवजी वलय आखलं आहे: एका बाजूने तुटलं तर माहिती दुसऱ्या बाजूने यावी. वलय खरं तेव्हाच, जेव्हा त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात. या पुरवठादाराने बेलापूरसाठी दुसरी फायबर टाकली आहे. खोदाईचा खर्च परवडेना, म्हणून ती पहिलीच्याच चरात आहे.