खोडलेल्या नोंदींची जागा

शाळेच्या जनरल रजिस्टरात चुकलेली नोंद रबराने पुसत नाहीत. तिच्यावर तांबडी रेघ मारून दुरुस्त नोंद वेगळी लिहितात. संगणकातील माहितीसाठेही असे वागू शकतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे आलेली 'पोस्टग्रेस्क्यूएल' ही मोफत प्रणाली याचे चांगले उदाहरण आहे.

समजा, एका तक्त्यात १ लाख विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत आणि जूनमध्ये सर्वांची इयत्ता एकदम बदलली. प्रणाली जुनी नोंद तशीच ठेवून नवी दुसऱ्या जागी लिहिते. असे का? त्याच वेळी कोणी अहवाल काढत असेल, तर त्याला अर्धी माहिती जुनी व अर्धी नवी दिसता कामा नये. परिणामी तक्ता जवळजवळ दुप्पट होतो. शोधासाठी ठेवलेली सूचीही फुगते. तक्ता ८ किलोबाइटच्या पानांत साठवलेला असतो. मृत नोंदींची पानेही वाचावी लागल्याने काम मंदावते.

'व्हॅक्यूम' ही आज्ञा कोणालाच नको असलेल्या नोंदींची जागा मोकळी करते. फाइल मात्र सहसा लहान होत नाही. ती जागा पुढील नोंदींसाठी राहते. म्हणून फुगवटा तपासताना दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. मृत नोंदींची अंदाजे संख्या प्रणालीच्या आकडेवारीत मिळते, तर मोकळी जागा 'पीजीस्टॅटटपल' हे जोडसाधन मोजते. मोकळी जागा थोडी असेल तर ती पुन्हा वापरली जाईल, काळजी नको. मृत नोंदी सतत वाढत असतील, तर सफाई मागे पडते आहे किंवा कोणाचा तरी व्यवहार तासन् तास उघडा राहिला आहे, असे समजावे.

सफाई आपोआपही होते. मूळ नियमानुसार मृत नोंदी '५० अधिक एकूण नोंदींच्या २० टक्के' यापलीकडे गेल्या की ती सुरू होते. १ लाख नोंदींसाठी ही मर्यादा २०,०५० येते. १ कोटींसाठी मात्र २०,००,०५०! म्हणून मोठ्या तक्त्यांसाठी टक्केवारी कमी ठेवतात.

'व्हॅक्यूम फुल' सगळा तक्ता नव्याने लिहून फाइल लहान करते. पण तोवर तो कोणालाही वाचता येत नाही, शिवाय नव्या प्रतीपुरती जागा लागते. निकालाच्या दिवशी हा उपाय नको. सूची मात्र २०१९ मधील १२व्या आवृत्तीपासून काम न थांबवता पुन्हा बांधता येते.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा: तक्ता बनवा, सर्व नोंदी बदला आणि प्रत्येक पायरीला फाइलचा आकार लिहून ठेवा. पुसणे आणि जागा परत मिळणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे आकडेच सांगतील.