समुद्र नसलेल्या शहरात समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत मासा सर्वांत शेवटी

जयपूर : जयपूरपासून सर्वांत जवळचे मोठे खारे पाणी सुमारे ८० किलोमीटरवर, सांभर सरोवरात आहे. समुद्र मात्र त्याच्या कितीतरी पट दूर, गुजरातच्या किनाऱ्यावर आहे. घरात खाऱ्या पाण्याची पहिली मत्स्यपेटी मांडू पाहणाऱ्या जयपूरकराला या दोन अंतरांचा अर्थ आधी समजून घ्यावा लागतो. दुकानातून मासा विकत आणता येतो, पण त्याच्यासोबत समुद्र येत नाही. तो घरीच, मोजून-मापून तयार करावा लागतो आणि पुढे रोज सांभाळावा लागतो.

गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांची पैदास प्रामुख्याने शेततळ्यांत आणि संवर्धन केंद्रांत होते. सागरी शोभेच्या माशांचे तसे नाही. त्यांतील बहुतांश जाती आजही थेट प्रवाळ खडकांवरून पकडल्या जातात. त्यामुळे नवशिक्याच्या घाईने टाकीत दगावलेला मासा हे अनेकदा समुद्राचेही नुकसान असते. ही घाई टाळायची, तर पेटीतील कामांचा क्रम नीट ठरवावा लागतो : आधी पाणी, मग जिवाणू आणि सर्वांत शेवटी मासा.

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

सांभरचे मीठ जयपूरच्या बाजारात सहज मिळते. ते पाण्यात विरघळवून समुद्र का तयार होऊ नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर रसायनशास्त्रात आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम आणि सोडियम सुमारे ११ ग्रॅम असते. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक घटक येतात. सांभरच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर सोडियमचेच सल्फेट आणि कार्बोनेट आढळते; कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नगण्य असते. स्वयंपाकघरातील मिठात तर आयोडीन आणि गुठळ्या होऊ न देणारी द्रव्येही मिसळलेली असतात. अशा पाण्याची चव खारट लागेल, पण सागरी जीवांच्या दृष्टीने ते समुद्राचे पाणी ठरणार नाही.

ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले होते. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कमी-अधिक खारे असले, तरी त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते, हे त्यातून स्पष्ट झाले. हे प्रमाण ठाऊक असल्यामुळेच आज सागरी पेटीसाठीचे तयार क्षारमिश्रण बनवता येते आणि ते शुद्ध पाण्यात विरघळवून किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवरही समुद्राचे पाणी तयार करता येते. २०० लिटर पाण्याला साधारण सात किलो मिश्रण लागते. खारेपणा हजारी ३५, म्हणजेच सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास असावी. ती मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे छोटे उपकरण वापरतात. मिश्रण वेगळ्या बादलीत किंवा पिंपात, पंप लावून, किमान एक दिवस आधी विरघळवावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

पाणी कोणते घ्यावे

जयपूरला नळाचे पाणी मुख्यतः टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून मिळते. अनेक वसाहतींत त्याला कूपनलिकेची जोड असते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. राजस्थानच्या भूजलात तर अनेक ठिकाणी फ्लोराइड, नायट्रेट आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण जास्त आढळते. नायट्रेटयुक्त पाण्यात शेवाळ फोफावते. म्हणून क्षारमिश्रण टाकण्यापूर्वीचे पाणी शक्य तितके कोरे असावे लागते. त्यासाठी आरओ यंत्रणेला डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढून घेणारी राळेची नळी जोडतात. या पाण्याचा टीडीएस शून्याच्या जवळ असावा.

घरातील पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र यासाठी पुरेसे नसते. चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय अनेकदा केलेली असते. आरओ यंत्रातून बरेच पाणी वायाही जाते. पाणीटंचाई परिचयाची असलेल्या शहरात ते फरशी धुण्यासाठी किंवा इतर घरकामासाठी साठवून वापरणे उचित ठरेल.

न दिसणारे पहिले रहिवासी

पाणी तयार झाले म्हणजे पेटी तयार झाली, असा समज करून घेणे नवशिक्याला सर्वांत महागात पडते. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असून पाणी बदलून कमी करता येते. निसर्गात हे चक्र अखंड चालते. नव्या पेटीत मात्र हे जिवाणू जवळजवळ नसतातच.

गोड्या पाण्याची टाकी सांभाळलेल्यांनाही येथे वेगळी काळजी घ्यावी लागते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ दरम्यान असतो. सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा मोठा वाटा त्याच्या विषारी रूपात राहतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत सागरी पेटीत हा वाटा दहापटीहून अधिक असतो. गोड्या पाण्यात खपून गेलेली चूक खाऱ्या पाण्यात जीवघेणी ठरते, ती यामुळे.

म्हणून टाकीत सच्छिद्र कोरडे खडक आणि वाळू मांडून, पंप सुरू करून, मासे न सोडता जिवाणू वाढवावे लागतात. त्यांना अन्न म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड किंवा माशांच्या खाद्याची चिमूट देतात. बाटलीबंद जिवाणूंनी हा काळ कमी होऊ शकतो, पण चाचणीला पर्याय नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांत आधी अमोनिया वाढतो आणि उतरतो, मग नायट्राइट वाढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर येऊन केवळ नायट्रेट दिसू लागले की पेटी माशासाठी तयार झाली. स्वस्त आणि काटक म्हणून डॅमसेल जातीचे मासे सोडून हे चक्र सुरू करण्याची पद्धत एके काळी रूढ होती. त्यात माशाला विषात ठेवले जाते. शिवाय वाचलेला डॅमसेल पुढे येणाऱ्या प्रत्येक माशावर धावून जातो.

जयपूरचा उन्हाळा आणि पेटीतील पाणी

सागरी पेटीतील पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे लागते. जयपूरमध्ये मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. मुळातच २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. म्हणजे खाऱ्या पाण्यातील माशाच्या वाट्याला आधीच कमी आलेला श्वास उन्हाळ्यात आणखी आखडतो.

पाणी थंड ठेवण्यासाठी चिलर हा खात्रीचा, पण खर्चिक उपाय आहे. जयपूरच्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर झोत सोडणारा छोटा पंखाही तापमान काही अंशांनी उतरवतो. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, तोच नियम येथे लागू पडतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो.

या उपायाची किंमत बाष्पीभवनाने चुकवावी लागते. पाणी उडते आणि मीठ मागे राहते. २०० लिटरमधील दहा लिटर पाणी उडाले, तर हजारी ३५ असलेला खारेपणा ३६.८ वर जातो. अशा वेळी भर घालायची ती क्षारविरहित शुद्ध पाण्याची. खारे पाणी घातल्यास खारेपणा वाढतच जातो. सागरी माशाच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जात असते. म्हणून तो पाणी पितो आणि जादा क्षार प्रामुख्याने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारेपणा वारंवार वरखाली झाला, तर या यंत्रणेवर ताण येतो आणि मासा आजारांना लवकर बळी पडतो. उन्हाळ्यात रोज पातळी पाहून थोडे-थोडे पाणी घालणे हे त्यामुळे दैनंदिन काम ठरते.

वीज गेल्यावर पंप थांबतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पेटीची जोडणी गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरमधूनच घ्यावी आणि प्रत्येक तार प्लगच्या खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही. पाणी, खडक, वाळू आणि काच धरून २०० लिटरच्या पेटीचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. साध्या टेबलावर ती ठेवता येत नाही. तरीही नवशिक्याने फार लहान पेटी घेऊ नये. पाणी जितके कमी, तितके तापमान आणि खारेपणा झपाट्याने बदलतो.

पहिला मासा कोणता

पहिल्या मानाचा दावेदार आहे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश. २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने तो घराघरांत पोहोचला. त्याची निवड करण्यामागे लोकप्रियतेहून महत्त्वाचे कारण म्हणजे त्याची बंदिस्त पैदास शक्य झाली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळमधील विळिंजम आणि तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्रांत त्याचे तंत्र विकसित केले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठाननेही नवी मुंबईतील ऐरोली येथे सागरी शोभेच्या माशांच्या संवर्धनाचे काम हाती घेतले आहे. संवर्धन केंद्रात वाढलेला मासा पेटीतील जीवनाला आणि तयार खाद्याला सरावलेला असतो. नीट सांभाळल्यास क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो.

समुद्रात तो समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, पण पेटीत त्याला समुद्रफुलाची गरज नसते. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि स्थिर, मुरलेली पेटी लागते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. निळा टँग मोठा होतो आणि त्याला पोहायला लांबलचक जागा लागते. मँडरिन मासा बहुधा सूक्ष्म जिवंत भक्ष्यच खातो आणि नव्या पेटीत उपासमारीने मरतो. दुकानात मासा देखणा दिसतो, म्हणजे तो घरात जगेल असे नाही.

मासा कोठून आला, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारण्याचे प्रकार अनेक दशके नोंदले गेले आहेत. त्यात प्रवाळही मरतात आणि वरवर धडधाकट दिसणारे मासे पुढे दगावतात. ‘संवर्धन केंद्रातला की समुद्रातून पकडलेला?’ या प्रश्नाला विक्रेत्याकडे स्पष्ट उत्तर नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. नवा मासा मुख्य पेटीत सोडण्यापूर्वी तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा सागरी रोग एका माशाबरोबर येतो आणि सगळी पेटी रिकामी करू शकतो.

कायदा काय सांगतो

खडकबांधणी करणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. शोभेसाठी आणलेला मृत प्रवाळाचा तुकडाही संरक्षणाच्या कक्षेत येऊ शकतो. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ही प्रवाळांच्या सांगाड्यांचाच बनलेला असू शकतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करावी, अशी तरतूद तीत आहे. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. नवशिक्याने प्रवाळ आणि समुद्रघोडे टाळून कोरडे खडक आणि संवर्धित मासे यांवरच पेटी उभारली, तर कायद्याची आणि समुद्राची, दोन्हींची बूज राखली जाते.

हौस आणि हिशेब

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हा त्याच्यासमोर अरबी समुद्र होता. जयपूरच्या दिवाणखान्यातील पेटीसमोर तशी सोय नाही. तिचा समुद्र मालकाच्या नेमावर चालतो : रोज पाण्याची पातळी आणि तापमान पाहणे, आठवड्याला खारेपणा आणि नायट्रेट मोजणे, दर पंधरवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलणे, मासा संपवेल तेवढेच खाद्य घालणे.

खर्चाचा अंदाज बांधतानाही टाकीच्या किमतीवर थांबू नये. क्षारमिश्रण, शुद्ध पाणी, चाचणीसंच आणि उन्हाळ्यातील वीज हा कायमचा खर्च आहे. सुटीत घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी पेटी कोण सांभाळेल, हे आधीच ठरवावे. या नेमाची खात्री नसेल, तर गोड्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. खात्री असेल, तर पहिले दीड महिने पेटीत फक्त पाणी, खडक आणि वाळू दिसेल. त्या रिकाम्या दिसणाऱ्या पेटीत धीर धरता आला, तर पुढे येणारा मासा जगण्याची शक्यता बरीच वाढते.