वावर विकण्याआधी एवढं विचारा

रोहण्यातली एक बाई मागच्या महिन्यात मला म्हणाली, "ताई, पोराले रशियाले डॉक्टरकीले पाठवून राहिलो. एजंट म्हणते, नीटचे मार्क कमी असले तरी चालते. दोन एकर वावर काढतो."

एजंट अर्धंच खरं बोलला. परदेशात एमबीबीएस करून भारतात डॉक्टरकी करायची असेल तर नीट पास लागतेच. तिथे आपल्या मुलांना 50 ऐवजी 40 पर्सेंटाइलची सवलत आहे. पण मूल शिकून परत आलं की एफएमजीई नावाची परीक्षा असते. तिथे कसलीच सवलत नाही. 300 प्रश्न, त्यातले 150 बरोबर पाहिजेत, मग कोणीही असो. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि दर वेळी पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच कितीतरी जास्त असतात.

असं का होतं? मी नर्स आहे, वॉर्डातलं सांगते. पुस्तक इंग्रजीत असलं तरी खाटेवरचा पेशंट रशियन बोलतो. "कुठे दुखतं, कधीपासून" हे ज्याला विचारता येत नाही, तो तपासणी कशी शिकणार? एका दवाखान्यात माझ्यासोबत असा एक मुलगा होता. परीक्षा निघत नव्हती, म्हणून डॉक्टर असूनही सही करता येत नव्हती. मालक त्याला माझ्यापेक्षा कमी पगारात रात्रपाळीला राबवायचा.

18 नोव्हेंबर 2021 पासून नियम आणखी कडक झाले. कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतच हवा. चार वर्षांचा कोर्स म्हणजे 48 महिने, तो चालत नाही. त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिप हवी. त्या देशात स्वतः प्रॅक्टिस करण्याची पात्रता मिळायला हवी. परत आल्यावर एफएमजीई, शिवाय इथे पुन्हा 12 महिने इंटर्नशिप. हे सगळं प्रवेशापासून 10 वर्षांच्या आत. त्यानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, आणि एमडी करायचं तर नीट-पीजी वेगळी.

"इथे नाही जमलं तर अमेरिका आहेच," असंही एजंट सांगतात. अमेरिकेत यूएसएमएलईच्या परीक्षा, ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि मग मॅचमधून रेसिडेन्सी. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, प्लॅबचे दोन भाग, मग जीएमसीची नोंदणी. आणि हे रस्ते सेवाग्राम किंवा नागपूरहून शिकलेल्यालाही उघडे आहेत. भारताच्या वैद्यकीय आयोगाला 2023 मध्ये डब्ल्यूएफएमईची दहा वर्षांची मान्यता मिळाली, ती त्यासाठीच कामाची आहे. अमेरिकेला जायला आधी रशियाला जावं लागत नाही.

म्हणून मी त्या बाईला म्हटलं, आधी इथलं बघू. सरकारी जागेवर, आणि कॅप फेरीतून मिळालेल्या खासगी जागेवरही, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप आहे. मॅनेजमेंट कोट्यात ती मिळत नाही, हे लक्षात ठेवा. एक वर्ष पुन्हा नीट द्यायला लागलं तरी ते वावरापेक्षा स्वस्त पडतं. तरीही जायचंच असेल तर कॉलेजचं नाव, कोर्सचे महिने, शिकवण्याची भाषा आणि तिथली नोंदणी, हे चारही एजंटकडून सही करून लिहून घ्या. तो टाळाटाळ करेल तर पैसे देऊ नका.

बाईने अजून इसार घेतलेला नाही. पोराला नीटचं मार्कपत्रक घेऊन रविवारी विहारात बोलावलं आहे.