विंडो एसीमुळे बिल किती वाढतं? हिशेब स्टार लेबलवरच असतो

उन्हाळ्यात बेडरूममधला विंडो एसी सुरू झाला की फ्लॅटचं वीजबिल एकदम फुगतं. अनेकदा संशय मीटरवर जातो. पण हा खर्च आधीच काढता येतो.

‘दीड टन’ म्हणजे वीज नव्हे

एक टन बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच वेळात खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. दीड टनाच्या साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या विंडो एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट वीज लागते. खोली गार झाली की तो काही वेळ थांबतो, म्हणून सरासरी वापर कमी भरतो.

हिशेब कसा करायचा?

बीईईच्या स्टार लेबलवर वर्षाचा वीजवापर युनिटमध्ये दिलेला असतो. तो 1,600 तासांसाठी असतो. समजा, लेबलवर 1,200 युनिट आहेत. म्हणजे तासाला 0.75 युनिट. रोज 8 तास एसी चालला तर 6 युनिट, महिन्याला 180. कडक उन्हाळ्यात हा आकडा आणखी वाढतो.

खरा फटका कुठे बसतो?

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यातल्या युनिटला जास्त दर लागतो. एरवी 90 युनिट वापरणारं घर एसीमुळे 270 वर गेलं, तर एसीच्या 180 पैकी फक्त 10 युनिट स्वस्त दरात बसतात. उरलेल्या 170 युनिटला दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून वापर तिप्पट झाला, तरी विजेची रक्कम तिपटीहून जास्त होते.

बचत कशी होईल?

• तापमान 24 ते 26 अंशांवर ठेवून पंखा लावा. बीईईच्या मते, एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते.

• साध्या एसीत 16 अंश लावल्याने खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ चालतो.

• एसीची मागची बाजू बंद बाल्कनीत नको. गरम हवा तिथेच कोंडते.

• खिडकीच्या चौकटीतल्या फटी बुजवा, फिल्टर नियमित धुवा.

वाचलेलं प्रत्येक युनिट आधी सर्वात महागड्या टप्प्यातून कमी होतं. त्यामुळे थोडी बचतही बिलात दिसते.